मधलं घर

टेकाडावरचं घर, किहीमजवळ
२ जुलै २०२५

चि. रुचिका,

तुला एक आजी हाय हे आठवत असेल तर पुढं वाच. आठवत नसेल तर हे पत्र शेजारच्या खोलीत नेऊन दे. तिथं कुणीतरी आपली आजी हरवली म्हणून काळजीत बसलं असेल.

शिमग्याला येऊन गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, मी काय काम करते ते तुला नीट लिहून कळवते. शिमगा गेला, आंबे गेले, बोटी वर ओढल्या, पावसाची आगोट लागली, पत्र न्हाय. मला वाटलं पोस्टमन वाहून गेला. काल तो दारात आला, रेनकोट घालून, चांगला जिवंत. वीजबिल देऊन गेला.

फोनचं आता विसर. गेल्या वर्षापासून माझे कान मिटले ते मिटलेच. तू बोलतेस ते मला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. मृणाली म्हणत होती, मी फोन लावते आणि मधे बसून दोघींना सांगते. मला ते नको. ती अंगणवाडीची बाई, पोरांना गोड बोलून बोलून सवय झालेली. त्यापेक्षा कागद बरा. ती लिहिते, मग मी तिच्याकडून दोनदा वाचून घेते. शुद्ध लिहू का, म्हणाली. मी म्हटलं, शुद्ध तुझ्या रजिस्टरात लिही, हितं मी बोलते तसं.

धर्माजी नाखवा परवा विचारत होता, नात बेंगळुरूत काय करते? मी म्हटलं, वायरलेसचं शिकते. तो म्हणाला, त्याला दहा वर्षं कशाला, तुमच्या ओट्यावर दहा दिवस बसली असती की. त्याचं काही चुकलं न्हाय. वीस वर्षं मी त्या सेटपुढं बसले. खांदेरी बेटापलीकडच्या बोटीचा आवाज धक्क्यावर पोचायचा न्हाय, हे टेकाड आडवं येतं. माझ्या ओट्यावर पोचायचा. बोटीचं मी धक्क्याला सांगायची, धक्क्याचं बोटीला. म्हणून तर सगळा वाडा या घराला मधलं घर म्हणतो. डिग्री मात्र मला कुणी दिली न्हाय.

तर सांग, तू काय करतेस. मृणालीला वाचताना ठसका लागू नये असं लिही.

तुझी आजी
(अंगठा माझा, शाई मृणालीची)


बेंगळुरू
११ जुलै २०२५

ती. आजी, साष्टांग नमस्कार.

टोमणे सगळे पोचले, वाटेत एकही सांडला नाही. चुकले. आता लिहिते.

समज, तू ओट्यावर धर्माजीकाकांशी बोलते आहेस आणि त्याच ओट्यावर आणखी दोघं आपलं बोलतायत. चौघांचे आवाज एकमेकांत मिसळतात. तू मोठ्यानं बोललीस तर ते दोघं आणखी मोठ्यानं बोलतात. म्हणजे जोर वाढवून काही उपयोग नाही. मोबाईलचे टॉवर, जहाजांचे सेट, सगळ्यांचं हेच दुखणं आहे. मी त्यावर एक उपाय अभ्यासते. मधे तिसरा ठेवायचा. तो ऐकतो आणि पुढे देतो. त्याला आम्ही रिले म्हणतो.

अडचण अशी, की हा मधला स्वतः त्याच गोंगाटात उभा असतो. ऐकलं ते जसंच्या तसं पुढे दिलं, तर कचराही पुढे जातो. समजून घेऊन, स्वच्छ करून दिलं तर उत्तम. पण समजण्यातच चूक झाली, तर चूकच स्वच्छ होऊन पोचते. शिवाय तो एकासाठी बोलायला लागला की दुसऱ्या जोडीच्या कानात त्याचाच गोंगाट. मग त्यानं काय पुढे द्यावं आणि काय नाही? गेली पाच वर्षं मी एवढंच करते आहे. हसू नकोस. तू हे कसं निभावलंस ते सांग, मला खरंच हवं आहे.

आणि एक. प्रबंध ऑगस्टच्या पंचवीसला छापायला जाईल. पहिल्या पानावर तो कुणाला अर्पण केला ते लिहितात. तिथे तुझं नाव घालणार आहे, एकटीचं. इथली मैत्रीण म्हणाली, आणि वडील? मी म्हटलं, माझे वडील सेटवरून अख्ख्या कोळीवाड्याशी बोलायचे. अलिबाग सोडून इथे शिकायला आले तेव्हा म्हणाले, उंबरा ओलांडलास तर मला फोन करू नकोस. नाही केला. त्यांनीही नाही. मी सुट्टीत आले की ते बोटीवर झोपायला जायचे. गेल्या साली ते गेले, तोवर नऊ वर्षांत माझ्यासाठी त्यांच्याजवळ एक शब्द नव्हता. रविवारी तू फोनवर सांगायचीस, बाबा बरा हाय, मासळी बरी हाय. आई तर मला आठवतही नाही. तू मधे होतीस म्हणून तेवढं तरी घर राहिलं.

रुचिका


टेकाडावरचं घर
२१ जुलै २०२५

चि. रुचिका,

तुझं पत्र मृणालीनं तीनदा वाचलं. पहिल्यांदा तिला कळलं न्हाय, दुसऱ्यांदा मला कळलं न्हाय, तिसऱ्यांदा दोघींनी चहा घेतला आणि मग जरा उजेड पडला.

आमची रीत सांगते. पहिलं बोटीचं नाव घ्यायचं, दोनदा. मग निरोप. मग ज्याला सांगितलं त्यानं तो परत म्हणून दाखवायचा. मधल्या माणसाला नियम एकच, जसं ऐकलं तसं. ऐकू आलं न्हाय तर ऐकू आलं न्हाय म्हणायचं, पदरचं जोडायचं न्हाय. आणि कुणाच्या घरचं बोलणं कानावर पडलं तर ते आपल्या तोंडातून कुठं जाऊ द्यायचं न्हाय. दर्यावर सगळे सगळ्यांचं ऐकतात, म्हणून हे पाळावंच लागतं.

माझ्याआधी सेट अंबाजीच्या घरी होता, पलीकडच्या टेकाडावर. धक्का म्हणाला, वारं फिरलंय, जाळी तिथंच सोडून द्या आणि परत फिरा. अंबाजीला वाटलं, पोरं भितील. त्यानं बोटींना सांगितलं, जरा वारं हाय, बघून या. माणूस कुणी गेला न्हाय, देवाची कृपा. पण त्याच दिवशी चार नाखवे गेले, त्याच्याकडून सेट उचलला आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाले, हिला लिहिता-वाचता येत न्हाय, ही आपल्या डोक्यातलं काही घालणार न्हाय. असा माझा मान.

गोंगाटाचं विचारतेस, तर तो शेव्याच्या बंदराला जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा. त्यांच्या सेटला जोर भारी. एक कप्तान कायम पडसं झाल्यासारखा बोलायचा, एक बाई होती ती हुकूम सोडायची. इंग्रजी मला काय कळणार, पण चाल कळायची. ते बोलायला लागले की आपल्या पोरांना वाटायचं, सेट बिघडला. मग मी निरोप सांगायच्या आधी गोंगाट कुणाचा ते सांगायची. हा पडशावाला हाय, दोनदा आपलं नाव घेईल, मग बंदरात वाट दाखवायला पायलट मागेल, मग थांबेल. त्याचं सोडून दे आणि खालचं ऐक. एकदा ओळख पटली की कान त्याला आपोआप बाजूला काढतो, तांदळातला खडा काढावा तसा. पुष्कळदा मला निरोप परत सांगावाच लागायचा न्हाय. खालचा बारीक आवाज त्यांचा त्यांनाच सापडायचा.

पुस्तकात माझं नाव घालू नकोस. मला ते वाचता येणार न्हाय, शाई फुकट. विनेशचं घाल. तो पेपर वाचायचा, अक्षर ओळखायचा. काही झालं तरी बाप हाय तुझा.

आजी


बेंगळुरू
३१ जुलै २०२५

ती. आजी, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी माझ्या मार्गदर्शक सरांना वाचून दाखवलं, अर्थ सांगत सांगत. पडशावाल्याचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तुझं तिसरं प्रकरण आजीनं आधीच करून ठेवलंय.

खरंच, आजी. सगळ्यांना वाटतं की मधल्यानं निरोप पुढे द्यावा. पण कधी कधी गोंगाटच पुढे दिला तर जास्त फायदा होतो. ऐकणाऱ्याला गोंगाट नेमका कोणता ते कळलं, की तो ऐकलेल्यातून तेवढं वजा करतो, आणि खाली उरतो तो निरोप. हे सिद्ध करायला मला तीन वर्षं आणि नव्वद पानं लागली. तुला एक पडशावाला कप्तान पुरला.

बाबांचं नाव घाल म्हणतेस, ते तू त्यांची आई आहेस म्हणून. माझा राग नाही आता. पण जे नव्हतं ते होतं असं छापायचं नाही मला. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. त्यांचा मान राखते, नाव घालत नाही.

आणि तुझ्या शाईचा विचार करू नकोस. ओळ ठरली आहे. मृणालीताईला मोठ्यानं वाचायला सांग:

'आजीला. जिनं मधलं काहीही गाळलं नाही.'

रुचिका


टेकाडावरचं घर
९ ऑगस्ट २०२५

चि. रुचिका,

ती ओळ खोड.

मी दोन दिवस हे पत्र सांगते हाय. काल मृणालीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, हे मी कसं लिहू? मी म्हटलं, जसं ऐकतेस तसं लिही गो, मला जमलं न्हाय ते तू कर.

विनेश बोलायचा. तू गेलीस त्यानंतर महिनाभर गप्प होता. मग एक दिवस खांदेरीपलीकडून त्यानं नाव घेतलं, केसर, केसर. त्याच्या बोटीचं नाव तुझ्या आईवरून ठेवलेलं, ते तुला ठाऊक हाय. मी म्हटलं, बोल. तर म्हणाला, आये, पोरीला विचार, पोचली का नीट. घरात माझ्यासमोर बसून कधी तुझं नाव काढलं न्हाय त्यानं. तिथं त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, म्हणून बोलता यायचं. मग दर आठवड्याला. आजूबाजूच्या दोन-चार बोटींनीही ऐकलं असणार, पण दुसऱ्याच्या घरचं पुढं सांगायचं न्हाय हे त्यांनी पाळलं. धर्माजीनं सुद्धा तुला कधी काही सांगितलं न्हाय. पुढं सांगायचं काम माझं होतं. आणि मी रविवारी तुला फोनवर काय सांगायची, बाबा बरा हाय, मासळी बरी हाय.

आधी वाटलं, पोरगी नवी हाय, बापाचं रडणं ऐकलं तर सामान बांधून परत येईल. शिकणं मोडेल. म्हणून गाळलं. तुझंही गाळलं. तू रागानं काही बोलायचीस ते त्याला सांगितलं न्हाय, सांगितलं, बरी हाय, जेवते. दोघांनाही मी एकमेकांचं धुऊन दिलं. मला वाटलं, दोन वर्षांत दोघं निवतील आणि आपसूक बोलतील. तुम्ही निवलात. बोललात न्हाय, कारण दोघांनाही वाटलं, दुसऱ्याला बोलायचं न्हाय.

आणि एक सांगते, ते सांगायला सगळ्यात जड जातं. मला ते आवडायला लागलं होतं. तो मला विचारायचा, तू मला विचारायचीस. तुम्ही थेट बोलला असतात तर रविवारी या घरात फोन कुणासाठी वाजला असता?

दोन वर्षांमागं पाऊस ओसरल्यावर बोट दर्यात लोटायच्या आधी तो म्हणाला, आये, तिला विचार, येते का या वेळी बोटीला नारळ द्यायला. न्हाय म्हणाली तर न्हाय सांग, पण विचार. तुझी ती मोठी तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात होती. मी विचारलंच न्हाय. विचारलं असतं तर तू परीक्षा सोडली असतीस, न्हाय तर येत न्हाय म्हणाली असतीस, मला दोन्ही नको होतं. मी त्याला सांगितलं, बघते म्हणाली.

सगळ्या बोटी पहिल्या भरतीला गेल्या. केसर राहिली. धर्माजीनं हाका मारल्या. विनेश म्हणाला, पुढं व्हा, मी येतो. दुसरी भरतीही गेली, तो धक्क्यावर रस्त्याकडं तोंड करून बसून होता. मी ओट्यावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं नारळ स्वतःच दिला आणि गेला. मला काही विचारलं न्हाय. पुढं माघात त्याच धक्क्यावर छातीत कळ येऊन गेला.

तू आलीस. त्याच्यापुढं बसून माझा हात धरलास आणि म्हणालीस, शेवटपर्यंत बोलले नाहीत ना गं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

अंबाजीकडून चार माणसांनी सेट काढून घेतला. माझ्याकडं कुणी आलं न्हाय, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

वेणूबाई
('आजी' असं लिहू नको म्हणाल्या, नाव लिही म्हणाल्या. — मृणाली)


बेंगळुरू
४ सप्टेंबर २०२५

आजी,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. प्रबंध छापून आला. पहिलं पान कोरं आहे. दुकानदारानं दोनदा विचारलं, इथे काही राहिलं का. मी नाही म्हटलं.

मधे घरी यायचं तिकीट काढलं होतं. रद्द केलं. येऊन काय बोलले असते ते मला ठरवता आलं नाही.

तुझ्यावर किती रागवायचं याचा हिशोब रोज मांडते आणि रोज तो माझ्याशी येऊन अडतो. बाबांचा नंबर माझ्याकडे होता. दहा आकडे. मी ते आकडे कधी विसरले नाही. तू रविवारी सांगायचीस ते मला पुरायचं, कारण त्याहून जास्त ऐकायची मला भीती होती. मला झेपेल तेवढंच तू दिलंस, आणि मी परत म्हणूनही दाखवलं नाही.

आमच्या विषयात एक गोष्ट पक्की आहे. मधला गप्प राहिला तर ऐकणारा पुन्हा विचारतो. पण मधल्यानं चुकीचं, आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, तर तो विश्वास ठेवतो आणि पुन्हा कधीच विचारत नाही. म्हणून दुसरं जास्त वाईट. प्रबंधात सत्तराव्या पानावर आहे. मीच लिहिलंय, फेब्रुवारीत. तेव्हा मला ते गणित वाटलं होतं.

त्यांच्या बोलण्यातलं तुझ्याजवळ अजून काय उरलंय? सगळं पाठव. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर जोडू नकोस, वाईट वाटेल म्हणून काढू नकोस. मधे कुणाचा आवाज होता तेही सांग.

रुचिका


टेकाडावरचं घर
१० सप्टेंबर २०२५

चि. रुचिका,

पाठवते. नऊ वर्षांतलं एवढंच धड उरलं. बाकीचं माझ्या ध्यानात राहिलं न्हाय, त्या जागी मी काही घालत न्हाय.

पहिल्या वर्षी, गणपतीनंतर: "हॉस्टेलात पंखा हाय का तिच्या? उकाडा तिला सोसत न्हाय." मधे कुणी नव्हतं. स्वच्छ ऐकलं.

त्याच वर्षी: "एवढी अक्कल होती तर बापाला सोडून कशाला गेली? जाऊ दे. सांगू नको हे." हे सांगू नको म्हणाला होता, म्हणून न्हाय सांगितलं. आता तू काढू नकोस म्हणतेस म्हणून सांगते.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी, थंडीत, हुकूम सोडणारी बाई मधे बोलत होती, तिच्याखालून: "उंबऱ्याचं बोललो ते जीभ घसरली. मागं घेता येत न्हाय. पण जीभ घसरली एवढं तिला सांग." हे दोनदा म्हणाला. मी परत म्हणून दाखवलं. त्याला वाटलं, पोचलं.

तू शेवटची सुट्टीत आलीस तेव्हा तो बोटीवर झोपला होता. सकाळी तिथूनच: "खोकते का गो ती? धक्क्यावरून गेली तेव्हा खोकत होती." म्हणजे तू गेलीस तेव्हा तो जागा होता.

पुढं एकदा: "नंबर पाठ हाय मला तिचा. लावत न्हाय. तिनं उचलला आणि गप्प बसली, तर मग काय करायचं?"

बोट लोटली त्या हंगामात, दिवाळीनंतर, पडशावाला कप्तान बोलत होता. विनेशचं नाव आलं, केसर, केसर. मग: "रुचिकाला म्हणावं." त्याच्यावर पडशावाला चढला. तो थांबला तेव्हा विनेशचं संपलं होतं. पुढचं ऐकू आलं न्हाय. दुसऱ्या कुणाच्या बोटीचं असतं तर मी म्हटलं असतं, परत सांग. नारळाच्या दिवसापासून मला त्याचं परत ऐकायची भीती वाटायची. मी म्हटलं, कळलं. तो हां म्हणाला. त्यानंतर तुझ्याबद्दल तो सेटवर बोलला न्हाय.

एवढंच. मृणालीनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिला वाचवेना, पण मी वाचून घेतलं. माफ कर असं मी म्हणत न्हाय, ते मागायला पत्र लहान पडतं. कोरं पान कोरंच राहू दे.

आता कामाचं. एकवीस तारखेला सर्वपित्री हाय, विनेशचं पान वाढायचं. गेल्या साली मी माझ्या मनानं वाढलं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आईला वाटतं ते. कावळ्यानं फार वेळ लावला. तू शाळेत होतीस तेव्हा शनिवारी तो तुला अलिबागला घेऊन जायचा. परत यायचात तेव्हा दोघांची तोंडं नीट पुसलेली आणि जेवायला भूक कुणालाच नसायची. काय खायचात ते मला दोघांनीही कधी सांगितलं न्हाय, आणि ते मी ओळखायला जात न्हाय. ते पाठव. जितकं तो खायचा तितकंच, जसं तो खायचा तसंच. मी त्यात मीठ घालणार न्हाय, गरम करणार न्हाय, चाखून बघणार न्हाय. पुडकं सोडायचं आणि पानावर ठेवायचं, बस. वीस तारखेच्या आत पोचेल असं बांध. आणि वाटेत नासणारं असेल, तर पोस्टानं पाठवू नकोस.